तुसाच्या भिंतींचा डबा

आमच्या घरातून पहिला डबा रिकामा बाहेर जात नाही. हे ऐकून लोक हसतात, कारण आमचा धंदाच रिकामे डबे विकायचा. हुबळीच्या कमरीपेठेत पुढे दुकान, मागे कारखाना म्हणवली जाणारी एक लांबट खोली, आणि वर आम्ही. पेढ्यांचे डबे, साड्यांचे खोके, दिवाळीत सुक्या मेव्याचे. हे सगळं रिकामंच जाणार, दुसरं काय. पण अप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, एक नियम घालून दिला होता. नव्या जातीचा पहिला डबा तयार झाला की त्यात काहीतरी घालून मगच तो उंबऱ्याबाहेर न्यायचा. पेढ्याच्या डब्यात गुळाचा खडा, साडीच्या खोक्यात सुपारी नाहीतर कापराची वडी. घालायचं ते आईनं, आणि काय घातलं ते कुणाला सांगायचं नाही. अप्पा गेले, पुढे प्लास्टिकचे डबे आले आणि आमचा अर्धा धंदा बसला, तरी हा नियम चालूच राहिला. मी त्याची टिंगल करायचो. "आई, गिऱ्हाईक म्हणेल गूळ वजनात धरलाय काय," असं म्हणायचो. आई म्हणायची, "तू गप बस. तुझं डोकं किती रिकामं हाय ते बघ आधी."

घरात आई, अण्णा, वहिनी आणि मी. अण्णा माझा थोरला भाऊ, दुकानाचा मालक तोच, मी त्याच्या हाताखाली. माझं लग्न झालेलं नाही आणि तो विषय घरात बोलून बोलून झिजून गेलाय. आमच्या दोघांच्या मधली अक्का. अण्णापेक्षा लहान असूनही अण्णासुद्धा तिला अक्काच म्हणतो. तिला अळणावरच्या पुढच्या एका खेड्यात दिली होती. भावोजी अकाली गेले, मूलबाळ नव्हतं, तेव्हा सगळे धरून चालले होते की अक्का आता हुबळीला परत येणार. वहिनीनं माळ्यावरची गादीसुद्धा उन्हात घातली होती. अक्का आली नाही. विहिरीजवळच्या तुकड्यात तिनं तुती लावली, जुना गोठा सारवून, चुना मारून घेतला आणि त्यात रेशमाचे किडे पाळायला लागली. ती त्यांना हुळ म्हणायची, कन्नडातला शब्द. सासरच्या माणसांना वाटलं, दोन महिन्यांचं वेड असेल. पण पहिले कोष विकून ती दुकानात आली तेव्हा तिच्या पायांत नव्या चपला होत्या आणि तिनं आल्या आल्या अण्णाला विचारलं, "काय, धंदा कसा चाललाय?" बाईमाणसानं धंद्याचं विचारणं अण्णाला नवं होतं. त्यानं चक्क सगळं सांगितलं.

मोठ्या साथीच्या वर्षी अक्कालाही ताप आला. ताप गेला, पण जाताना नाक घेऊन गेला. तिला वास येईनासा झाला तो परत आलाच नाही. "बरं झालं," ती म्हणायची. "हुळांच्या खोलीतली घाण मला कळतच न्हाई."

अडचण होती ती अंड्यांची. रेशमाच्या किड्याची अंडी खसखशीपेक्षा जराशी मोठी, कागदावर चिकटवल्यासारखी दाट बसलेली. असे कागद धारवाडला जाऊन आणायचे, गावी नेऊन आठ-दहा दिवस थंड, ओलसर जागी सांभाळायचे, शेवटचे दोन दिवस काळ्या फडक्यात गुंडाळून अंधारात ठेवायचे आणि मग एका सकाळी फडकं काढायचं. सगळं नीट झालं असलं तर उजेड लागताच साऱ्या अळ्या एकदम बाहेर येतात. नीट झालं नसलं तर आज चार, उद्या दहा, काही कधीच नाही. मागंपुढं जन्मलेल्या अळ्या एका परातीत वाढत नाहीत, आणि पीक जातं. अंड्यांना ऊन चालत नाही, कोरडी हवा चालत नाही, कोंडलेली चालत नाही. मुंगी चालत नाही, तंबाखू चालत नाही, खताचा वास आणि उदबत्तीचा धूर चालत नाही. सरकारी खोकी असतात, पण ती मोठ्या खेपांसाठी. अक्कासारख्या थोड्या अंड्यांवाल्यानं आपली सोय आपण बघायची. ती जेवणाच्या स्टीलच्या डब्याला भोकं पाडून, ओला पंचा गुंडाळून आणायची. उन्हाळ्यात एस्टीच्या इंजिनाजवळ जागा मिळाली की डबा तापायचा. एकदा कुणी शेजारी खताचं पोतं टेकवलं. लागोपाठ दोन पिकं गेली.

त्या सुमाराला मी तिच्या गावी गेलो होतो. जेवताना तिचा दीर माझ्यासमोरच बोलला. माणूस वाईट नव्हता, आवाजसुद्धा चढवला नाही त्यानं. "वैनी, आणि एक डाव बघूया. ह्या खेपेला न्हाई जमलं तर तुती काढून ऊस लावतो. मी तरी किती दिवस गप बसू?" जमीन सामायिक होती आणि शब्द त्याचा होता. अक्कानं त्याच्या ताटात भात वाढला. मला एस्टीवर सोडायला आली तेव्हा म्हणाली, "माझ्या हातात तेवढी एकच गोष्ट हाय रे. तुती गेली तर मी हितं कोण? स्वयंपाकीण. आणि तुमच्याकडं आले तर तिथं कोण?" मी म्हटलं, तिथं अक्का. ती हसली, पण मला माहीत होतं की हे काही उत्तर नव्हे.

घरी येऊन अण्णाला सांगितलं. तो सुपारी कातरत होता, कातरतच राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर साड्यांच्या खोक्यांची ऑर्डर बाजूला ठेवून अण्णा पुठ्ठ्यावर पेन्सिलनं रेघा मारतोय. मला म्हणाला, "थर्माकोलचं खोकं श्वास घेत न्हाई. स्टील तापतंय. पुठ्ठा श्वास घेतोय, पण पाण्यानं मरतोय. बघूया."

अण्णाला इतका गुंतलेला मी कधी पाहिला नव्हता. पेढ्याच्या डब्यात गुंतायला काय असतं? चार घड्या, दोन कान, झालं. आता त्याला डोकं चालवायला काहीतरी मिळालं होतं. त्यानं एकात एक अशी दोन खोकी केली आणि दोहोंच्या मधल्या जागेत भाताचं तूस ठासून भरलं. गिरणीवाला तूस फुकट देतो, उलट नेल्याबद्दल आभार मानतो. आतल्या खोक्याला बारीक भोकं. तळाला कुंभाराकडची मातीची बशी, तिच्यात ओली वाळू. वर भिजवून पिळलेलं गोणपाट. पुठ्ठा भिजू नये म्हणून आतून मेणबत्तीचं मेण. विद्यानगरात कॉलेजांजवळ प्रयोगशाळेचं सामान मिळतं, तिथून त्यानं मला एक तापमापक आणायला लावला. दुपारी पत्र्यावर डबा ठेवायचा, तापमापक आत, आणि हा शिडीवर उभा. मी खालून म्हणायचो, "अंड्यांना बंगला बांधतोयस, आता वरती एक गच्ची काढ." तो वरून शिव्या द्यायचा, आणि त्या शिव्यांत आनंद होता.

पहिला डबा अगदी ओबडधोबड झाला, चिकटपट्ट्या दिसत होत्या. अण्णा आईला म्हणाला, हा नुसता नमुना, ह्याला नियम नको. अक्कानं आधी त्यातून थोडीच अंडी नेली आणि घरीही त्यातच ठेवली, बघायला म्हणून. फडकं काढलं त्या सकाळी तिचा फोन आला तेव्हा ती ओरडतच होती. "अण्णा, एकदम आल्या रे सगळ्या! कागद काळा झालाय नुसता!" अण्णानं फोन माझ्या हातात दिला आणि मागच्या खोलीत निघून गेला. थोड्या वेळानं तिथून शीळ ऐकू आली. अण्णाला शीळ वाजवता येते हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं.

मी म्हटलं, झालं काम, हाच डबा वापरू दे. पण तो डबा ओलीनं कोपऱ्यात मऊ पडला होता, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे अण्णाला तो दिसायला आवडत नव्हता. "बहिणीला असलं खोकं देऊ काय?" म्हणाला. खऱ्या पिकासाठी त्यानं खरा डबा केला. बाहेरून निळं बायंडिंगचं कापड, खांद्याला अडकवायला पट्टा, झाकणाला दोन बंद. तो टेबलावर ठेवून सगळ्यांना बोलावलं. वहिनी म्हणाली, ह्यात माझे दागिने ठेवते. आईनं त्याच्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "मुंग्या न्हाईत ना जाणार आत? अक्का सारखी मुंग्यांचं म्हणत असते." अण्णा म्हणाला, "एकबी जाणार न्हाई." शेवटची पट्टी लावायची बाकी ठेवून तो जेवायला वर गेला. त्या वेळेत आईनं नियमाप्रमाणे काय ते घातलं असणार. मी विचारलं नाही. विचारायची पद्धतच नव्हती.

डबा घेऊन मी धारवाडला गेलो. अक्का गावाहून आली. अंडी दुपारनंतर मिळणार होती म्हणून केलगेरीच्या तळ्याकाठी बसलो. वहिनीनं दिलेल्या भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली. अक्कानं पूर्ण वेळ डबा मांडीवर धरला होता. बंद सोडायची, आत बघायची, पुन्हा बांधायची. "अण्णाचे हात बघ की रे," म्हणाली. "अप्पांच्यापेक्षा बारीक काम हाय." मग बंद आवळत म्हणाली, "ह्या डावाला होतंय बघ." डब्याला खळीचा, मेणाचा, आमच्या घराचा वास येत होता. आमच्या घरी सकाळ-संध्याकाळ कापूरआरती व्हायची, कपड्यालत्त्यालाही तो वास असायचा. माझ्या नाकाला तो वास कधी वेगळा कळलाच नाही. आणि अक्काला तर कुठलाच कळत नव्हता. अंडी घेऊन ती एस्टीत बसली तेव्हा तिनं कंडक्टरला डब्यासाठी वेगळं तिकीट देतोस काय, असं विचारलं. कंडक्टरही हसला.

फडकं काढायच्या सकाळी अण्णानं दुकान उघडलंच नाही. आम्ही दोघं फोनसमोर बसलो. आई देवापाशी होती. फोन आला. "अजून न्हाई," अक्का म्हणाली. "अंडी निळसर झाल्यात, म्हणजे आज अळ्या यायला हव्या होत्या. उद्या येतील." दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "थोड्या आल्या. उठत न्हाईत." तिसऱ्या दिवशी तिनं फोन केला नाही, आम्ही केला तर उचलला नाही. अण्णा म्हणाला, "तू जा. मला तिचं तोंड बघवणार न्हाई."

मी पोचलो तेव्हा ती गोठ्यात जमिनीवर बसली होती. परातीत तिनं कोवळा पाला बारीक चिरून ठेवला होता तो सुकून गेला होता. अळ्या उचलायचं कोंबडीचं पीस शेजारी पडलं होतं. अंडी कागदावरच बसकी होऊन वाळली होती. आणि समोर डबा उभा-आडवा फाडलेला, सगळीकडे तूस. काय चुकलं ते शोधायला तिनं तो फाडला होता. तिनं मूठ उघडून माझ्यापुढं धरली. चिंधीची एक लहानशी गाठ होती. हिरव्या इरकली लुगड्याची चिंधी, तांबड्या काठाचा एक धागा असलेली. आईचं ते लुगडं आम्ही दोघं लहानपणापासून ओळखत होतो. गाठीच्या आत मसुराच्या डाळीएवढा पांढरा खडा.

"तुसात खोचलं होतं," अक्का म्हणाली. "मला वास येत न्हाई. तू सांग. काय हाय हे?"

मी हुंगलं. कापूर होता. वडी असणार, उडून उडून एवढीशी उरलेली. आठ-दहा दिवस त्या बंद, ओलसर डब्यात अंड्यांच्या शेजारी ती उडत राहिली होती.

सगळं माझ्या ध्यानात आलं. गूळ घातला तर मुंग्या येतील. सुपारी घरंगळून अंडी चिरडतील. कापूर बरा, शुद्ध असतो, देवाचा असतो, आणि कापराजवळ मुंगी फिरकत नाही. अक्काच्या मुंग्यांसाठी आईनं विचार करून करून तो निवडला होता. धूर करायचा नाही हे तिला माहीत होतं, म्हणून तर पेटवला नव्हता. मला आईचा राग आला नाही. कुणाचाच येईना, आणि त्यानंच मी जास्त हैराण झालो.

अक्का रडली. मोठ्यानं रडली, बाहेर दीर होता त्याचीही पर्वा केली नाही. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "आईला सांगायचं न्हाई. कधीच न्हाई. ती मरून जाईल. अण्णालाबी न्हाई. तो तोंडानं फटकळ, एका रागात बोलून बसेल, आणि मग दोघं जन्मभर झुरतील." मी म्हटलं, पण अण्णाला वाटेल डबाच वाईट होता. ती म्हणाली, "डबा तो आणि एक करेल. आई आणि एक कुठनं आणू?" तिनं ती गाठ चुलीत टाकली. चुलीत एक लहानशी जास्त पांढरी ज्योत झाली आणि विझली.

त्याच संध्याकाळी आईचा फोन आला. माझ्यासमोरच अक्का बोलली. "न्हाई आई, ऊन लागलं वाटेत. नशीब." मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं आणि अक्का म्हणाली, "न्हाई, सगळा डबा फाडून बघितला, काय सापडलं न्हाई. काय असणार?" फोन ठेवून तिनं मोठा श्वास सोडला. "विचारत होती, तुला आत काय मिळालं काय म्हणून. बरं झालं, तिला संशयसुद्धा न्हाई." आम्हा दोघांनाही हायसं वाटलं. इतकं वाईट झालं होतं, त्यात तेवढंच एक जमलं होतं.

तुती काढायला दीर पंधरा-वीस दिवस थांबला, अक्का निघेपर्यंत. तेवढी भीड त्यानं ठेवली. ती दोन पिशव्या घेऊन आली आणि दुकानाच्या मागच्या खोलीत खळ लावायला बसली. साड्यांच्या खोक्यांना, पेढ्यांच्या डब्यांना. हात चांगला होता तिचा. कुणी ओळखीचं आलं आणि "काय अक्का, माहेरी?" म्हणालं की ती म्हणायची, "हां, आता हितंच." दर वेळी तेवढंच, त्याच आवाजात. मला ते ऐकू येऊ नये म्हणून मी पुढं दुकानात जाऊन बसायचो.

अण्णानं डब्याचा विषय काढला नाही. तापमापक कुठं गेला मला माहीत नाही. त्याच्या मनानं घेतलं होतं की मेणानं घात केला, नाहीतर त्या निळ्या कापडाच्या रंगानं. ओबडधोबड डबा चालला आणि त्याच्या हौसेनं बहिणीचं घर घालवलं. हे तो मला एकदाच बोलला, माझ्याकडं न बघता. माझ्या जिभेवर शब्द आले होते. मागं अक्का बसली होती, तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. मी गिळले. पुढं एक शेतकरी दुकानात आला, कलघटगीकडचा. कुणाकडून तरी त्यानं पहिल्या डब्याचं ऐकलं होतं, आपल्यालाही अंडी आणायला तसला हवा म्हणाला. अण्णा त्याला कन्नडात म्हणाला, "इल्लप्पा, अंथाद नाव माडंगिल्ल." नाही बाबा, आम्ही तसलं काही करत नाही. आणि रेघा मारायची पेन्सिल कानावरून काढून गल्ल्यात टाकली. शीळ तर मी त्यानंतर ऐकलीच नाही.

आई अक्काचे फार लाड करायला लागली. आपली खाट तिला दिली आणि स्वतः खाली अंथरूण घातलं. पहिली भाकरी तिच्या पानात, साय तिच्या वाटीत. अक्का वाढायला उठली की आई तिला दंडाला धरून बसवायची. अक्का चिडायची, "आई, मी काय पाहुणी हाय?" आई म्हणायची, "बस गं." आम्ही म्हणायचो, म्हातारपणी लेक परत मिळाली, म्हातारी खूष आहे. त्याच सुमाराला आईनं कापूरआरती बंद केली. म्हणाली, खोकला येतोय धुरानं. निरांजन ओवाळायची आणि हात जोडायची. वाणसामानात मी दर महिन्याला कापराचं एक पाकीट आणायचो, हाताची सवय. मलाही लक्षात नसायचं आणि तीही नको म्हणायची नाही. घेऊन आत ठेवून द्यायची.

अशी काही वर्षं गेली. मग आईही गेली. वय झालं होतं, हाल झाले नाहीत, सगळं लोक म्हणतात तसंच झालं. शेवटचे दोन दिवस ती अक्काचा हात सोडत नव्हती. बोलत काही नव्हती. अक्का तिला विचारायची, "काय पाहिजे आई?" आई मान हलवायची, नको म्हणून.

तेराव्याच्या सकाळी देवघर आवरायला काढलं. देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात, मागं सरकवलेला, आमचाच एक जुना पेढ्यांचा मोठा डबा निघाला. अक्कानं झाकण काढलं. आत कापराची पाकिटं. मी आणलेली, सगळी, एकही न फोडलेली, नीट एकावर एक रचलेली. खालची पाकिटं हातात घेतली तर वजनच नव्हतं. हलवून बघितलं, आवाज नाही. वड्या उडून गेल्या होत्या. वरच्या पाकिटांत अजून होत्या, झिजलेल्या.

अण्णा म्हणाला, "हे काय? इतक्या वर्षांत हिनं एकबी पेटवला न्हाई? नको होता तर सांगायचं होतं की."

अक्का देव्हाऱ्यासमोर खाली बसली. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "मी तिला म्हटलं, डब्यात काय सापडलं न्हाई."

"मग?"

"कापूर उडून जातोय रे. चिंधी कुठं जाईल? चिंधी तरी मला सापडायलाच हवी होती. तिनं स्वतःच्या हातानं बांधली होती. मी न्हाई म्हटलं, तेव्हाच तिला सगळं कळलं."

अण्णानं विचारलं, कसली चिंधी. त्या दिवशी, आईच्या देवघरात, आम्ही त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं तो ओरडेल, आमच्यावर, गेलेल्या आईवर, अप्पांच्या नियमावर. तो बराच वेळ हातातलं रिकामं पाकीट चेपत राहिला. मग त्यानं अगदी लहान आवाजात विचारलं, "म्हणजे डबा बरा होता?"

"डबा चांगला होता, अण्णा," अक्का म्हणाली. "लई चांगला होता."

माझा थोरला भाऊ भिंतीला टेकून रडला. वहिनी दारात येऊन उभी राहिली आणि परत गेली. मी रडलो ते आईसाठी. तिला कुणी दोष दिला असता तर ती निदान रडली असती, भांडली असती, माझं चुकलं म्हणाली असती, आणि अक्कानं तिला जवळ घेतलं असतं. आम्ही तिला वाचवत बसलो. ती रोज अक्काला पहिली भाकरी वाढत राहिली, आणि आम्ही म्हणत राहिलो, म्हातारी खूष आहे. एका छपराखाली, एका चुलीवरचं खाऊन, आम्ही तिला तिच्या दुःखात एकटीला ठेवलं.

दुपारी भटजी आले. आरतीच्या वेळी म्हणाले, कापूर हवा. वहिनी शेजारी मागायला निघाली तर अक्का म्हणाली, "थांब, घरात हाय." तिनं सगळ्यात वरचं पाकीट फोडलं, त्यातली अर्धी झिजलेली वडी तबकात ठेवली आणि काडी ओढली. ज्योत वर आली. अक्कानं ओवाळलं, दोन्ही हात ज्योतीवर धरून डोळ्यांना लावले आणि माझ्याकडं वळून हळूच विचारलं, "वास येतोय काय रे?"

मी म्हटलं, "येतोय."

"घरभर येतोय, अक्का," अण्णा म्हणाला.